पाच घरांचा सवाल

आमचे मालक हैदराबादेत कॉलेजात शिकवायचे. काय शिकवायचे, तर माणसाचा स्वभाव. हासू नका. मी बी पयल्यांदा हासलेच व्हते. म्हणलं, "अवं, स्वभाव शिकायला कॉलेज कशाला लागतंय? हितं बारवेवर एक सकाळ बसा, फुकटात शिकून जाताल." ते हासले न्हाईत. माझ्या बोलण्यावर त्यांना हासू कमीच यायचं. म्हणले, "जानके, त्याचं शास्त्र हाय. उर्दूत शिकवायचं आन् किताबं इंग्रजीतली. लई जिम्मेदारीचं काम हाय."

असंल बाबा. आमचं घर धर्मापुरीचं, कुणब्याचं. त्यांचं नाव शहादेव. पोरवयातच हुशार निघाले, शिकायला सरकारी वजिफा मिळाला, आधी मोमिनाबादला आन् मंग हैदराबादेला गेले ते तिथलेच झाले. नोकरी लागली पण आरजी, म्हणजे कच्ची. साहेबाच्या मनात आलं की घरी. मुस्तकिल झाले, पक्के झाले, की सरकारी खोल्या मिळणार आन् मला नेणार, असं लग्नापासून ठरलेलं.

तवर मी हितं, सासूपाशी. आत्याबाईंचं नाव वच्छलाबाई. उन्हाळ्यात महिनाभर नवरा, दिवाळीत आठ दिवस नवरा, बाकीचं साल आत्याबाई. सकाळी मी चुलीपुढं बसले की आत्याबाईंचं पाठीमागून सुरू. अमकीला तिसरा झाला, तमकीला जुळे झाले, आन् आमच्या नशिबाला हे वाळलेलं खोड. बया! लेकरू व्हायला नवरा घरात लागतो, ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट हाय? पण बोलायची चोरी. तोंड दाबून बसायचं, भाकरी थापायच्या. रातीतनं जाग आली की वाटायचं, हे छप्पर जरा जरा खाली यायलंय. मी येकच आस धरून व्हते, हैदराबाद. दुसरं मला काई नको व्हतं, देवाची शपथ.

त्या उन्हाळ्यात मालक आले ते तोंड पाडूनच. इचारलं तर म्हणले, काम अडलंय. पोरांना घरी बसून लिहायला एक सवाल देयचा असतो. एका माणसाची सगळी माहिती पोरांच्या हाती देयची आन् त्याचा स्वभाव कसा हाय ते त्यांनी उलगडून लिहायचं. आता किताबातले सवाल सगळे विलायतेचे. एक पाद्र्याची पोरगी, एक जहाजावरचा खलाशी, एक दारूच्या दुकानाचा मालक. "आमच्या पोरांनी दर्या बघितलेला न्हाई, त्यांना खलाशाचं काय कळणार?" मालक म्हणले. "बडे साहेब म्हणले, शहादेव, आपल्या मुलखातला जिता माणूस आण. म्हणून मी ठरवलंय, एक माणूस धरायचा, त्याच्याबद्दल पाच घरी इचारायचं, आन् पाच जण बोलतील ते जसंच्या तसं लिहून न्यायचं. साहेबांना पसंत पडलं तर नोकरी मुस्तकिल."

मला बाकीचं काई कळलं न्हाई, मुस्तकिल तेवढं कळलं. म्हणलं, "मंग धरा की माणूस. गावात काय माणसांची कमी हाय?"

तर निघाली कमीच. आधी त्यांनी पाटलाबद्दल इचारलं. ज्याला इचारावं तो आधी दाराकडं बघायचा आन् मंग म्हणायचा, देवमाणूस हाय. मंग एका मेलेल्या म्हाताऱ्याबद्दल इचारलं. जिता असताना त्याच्या नावानं सारा गाव बोटं मोडायचा, पण मेल्यावर तो बी देवमाणूस झालता. मालक वैतागले. शिसपेन्सलीला टोक काढत बसायचे आन् ते टोक मोडायचे. रजा सरत आली तशी मला बी धाकधूक व्हायला लागली. मी म्हणायची, "माझ्याबद्दल इचारा, आत्याबाई एकट्याच चार घरांचं सांगतील." ते म्हणायचे, "घरातलं माणूस चालत न्हाई."

एका सकाळी मात्र उठले ते खुशीतच. "गावला माणूस," म्हणले. "हा असा माणूस हाय की त्याच्याबद्दल सगळे मोकळं बोलतेत. कुणी चांगलं म्हणतंय, कुणी वाईट. लई झकास मसाला हाय."

"कोण वं?"

"ते सांगता येत न्हाई. ज्याच्याबद्दल इचारायचं त्याचं नाव फोडायचं न्हाई, असा शास्त्राचा कायदा हाय."

"बायकोला बी न्हाई?"

"बायकोला तर न्हाईच."

मला उलट कौतुक वाटलं. म्हणलं, बघा, किती कायद्याचा माणूस हाय. आन् मी खुशाल रानात कापसाच्या पळाट्या उपटायला गेले. दोन-तीन दिवस तेच चाललं. ते सकाळी अंगरखा घालून, कागद घेऊन बाहेर, मी रानात.

मंग एक दिवस पळाट्याची मोळी बांधताना बघते, तर बाया माझ्याकडं बघायलेत आन् गप व्हायलेत. आमच्या शेजारची केशरबाई जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणली, "जानके, लई सोशीक गं तू. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"कावून? काय झालं?"

"अगं, तुझा नवरा छबुचा स्वभाव इचारत फिरायलाय की. माझ्या ओसरीत काल येऊन गेला. तापट हाय का सोशीक, राग आला तर काय करती, लेकरांशी कशी वागती, सगळं इचारलं. तू सवत करून घेणार आन् तुलाच म्हाईत न्हाई?"

माझ्या हातातून मोळी सुटली.

तुमाला आमच्या गावची रीत म्हाईत नसंल, म्हणून सांगते. कुवार पोरीचं लगीन असलं की पत्रिका बघतेत, घराणं बघतेत. नवरा मेलेली बाई दुसऱ्याला देयची म्हणजे पाट. पाटाला पत्रिका न्हाई, वाजंत्री न्हाई. पाटाला आमच्यात एकच बघतेत, बाईचा स्वभाव. नवऱ्याकडचा माणूस, कुणासाठी ते न सांगता, पाच घरी जाऊन बसतो आन् इचारतो, अमकी कशी हाय? पाच घरं पुरी झाली की मंग मागं फिरता येत न्हाई. बाईचा बाप चार माणसं घेऊन देवळाच्या ओट्यावर बसतो आन् बोलतो, राजी म्हणा, न्हाईतर ऐब सांगा. राजी म्हणलं तर पाट. न्हाई म्हणलं तर त्या बाईतला ऐब सगळ्यांपुढं सांगावा लागतो, आन् एकदा ऐब लागला की त्या बाईला पुन्हा कुणी इचारत न्हाई. जल्माची बापाच्या दारात.

आन् आमचा शहाणा माणूस पोरवयात गाव सोडून गेलेला. त्याला दर्याच्या खलाशाचं म्हाईत, पाद्र्याच्या पोरीचं म्हाईत, आन् आपल्या गावात बाईचा स्वभाव कावून इचारतेत ते म्हाईत न्हाई. वरून शास्त्राच्या कायद्यानं तोंड बंद ठेवलेलं. पाटवाले तरी दुसरं काय करतेत?

छबु म्हणजे सटवाची लेक, माझ्याच बारीची, म्हणजे वयाची, माझी मैतरीण. नवरा पटकीनं गेला तवा सासरच्यांनी आणून सोडली. खळखळून हासायची, कुणाला बी पटकन उत्तर करायची. म्हणून अर्धा गाव तिला आगाऊ म्हणायचा आन् अर्धा गाव अडल्यानडल्याला तिलाच बोलवायचा.

मी रानातून तशीच घरी आले. मालक पेन्सलीला टोक काढायले व्हते. म्हणलं, "छबुच कावून धरली तुमी?"

ते दचकले. "तुला कुणी सांगितलं? अगं, तिच्याबद्दल सगळे मोकळं बोलतेत."

"बोलणारच! तिच्यामागं हाय कोण? किती घरं झाली?"

"झाली की पाच."

मी त्यांना रीत समजावून सांगितली तसा त्यांच्या तोंडाचा रंग गेला. म्हणले, "मी सांगतो सगळ्यांना. हे कॉलेजाचं काम हाय. तू कायला भेतीस?"

"पाचवं घर कुठलं?"

ते खाली मान घालून म्हणले, "आपलंच. आईला इचारलं सकाळी."

तेवढ्यात आत्याबाई आल्याच. हातात गुळाचा खडा. माझ्या तोंडात बळंच कोंबला. लग्न झाल्यापासून त्यांनी मला हातानं भरवलेला तो पयला घास. म्हणल्या, "पोराला शेवटाला अक्कल आली बाई! आता ओट्यावर तुला बी इचारतील, पयलीची राजी लागती. गपगुमान राजी म्हणायचं. न्हाई म्हणलीस तर केजचा रस्ता धर, तुझ्या भावाच्या दारात." आन् माझ्या भावाच्या दारात त्याचीच पोरं उपाशी निजायची, हे त्यांना पक्कं म्हाईत.

गूळ थुंकता बी येईना आन् गिळता बी येईना.

दुसऱ्या दिवशी मालक सटवाकडं गेले, खरं ते सांगायला. अर्ध्या घडीत परत आले, पागोटं वाकडं, घामानं चिंब. झालं असं. हे म्हणले, "सटवाबा, सोयरिकीचं न्हाई, हैदराबादेतल्या पोरांसाठी तुमच्या लेकीची माहिती घेतली." सटवा कुऱ्हाड घेऊनच उठला. "माझ्या लेकीचं नाव हैदराबादेतल्या पोरांत न्हेतोस व्हय बे? काय धंदा काढलाय?" मंग ह्यांनी सगळे कागद त्याच्यापुढं फाडले, छबुचं नाव गावाबाहेर जाणार न्हाई असा शब्द दिला, तवा सटवा जरा निवला. पण म्हणला, "कागद फाडून भागतंय का? पाच घरं फाडता येत न्हाईत. परवाच्याला ओट्यावर या. राजी म्हणा, न्हाईतर ऐब सांगा."

मालक त्या दिवशी जेवले न्हाईत. मी म्हणलं, "काय सांगणार तुमी?" तर म्हणले, "ऐब लावू कसा? त्या बाईचं काय चुकलं?" म्हणलं, "मंग राजी म्हणणार?" तर म्हणले, "तुला काय वाटंल?" मला काय वाटंल! मी डोक्याला हात लावला. सगळ्या जगाचा स्वभाव उलगडणारा माणूस, आन् ह्याच्या तोंडून एक व्हय न्हाईतर न्हाई निघंना. मला राग बी आला आन् कीव बी आली. मनानं वाईट न्हवता हो तो. नुसता बसून ऱ्हायचा.

छबु मला बारवेवर भेटली. घागर बाजूला ठेवून तिनं माझा हात धरला. "जानके, मला तुझ्या घरात यायचं न्हाई गं. दिंद्रुडचं एक स्थळ जमत आलतं माझं. सरकीचा व्यापार हाय त्याचा, बायको मेली, एक बारकी पोरगी हाय. ती पोरगी माझ्या मांडीवरून उठंना, जानके. त्यांनी ऐकलं की तुमच्या घरानं इचारपूस चालवलीय, आन् ते गप झाले. आता तुमी ऐब लावला तर ते कायमचे गेले. आन् राजी म्हणलात तर मी तुझ्या छातीवर येऊन बसले. मी कुठं जाऊ सांग. जीव द्यावा वाटतोय ह्या पाण्यात."

"गप बस, मूर्ख!" मी म्हणलं. "पाणी प्यायचंय लोकांना."

ती रडता रडता हासली. मी मात्र पायऱ्या चढताना एकच घोकत व्हते. ऐब सांगावाच लागतो. ऐब सांगावाच लागतो. पण तो छबुतच असावा, असं कुणी म्हणलंय?

ओट्यावर सारा गाव जमला. सटवा मधी बसलेला, बाजूला चार माणसं. आत्याबाई नवं लुगडं नेसून आलेल्या, ताटात नारळ. मालक भिताडाला टेकून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायलेले. सटवानं इचारलं, "राजी का ऐब?" मालक गप. पुन्हा इचारलं. पुन्हा गप. मंग एक म्हातारा म्हणला, "आधी पयलीला इचारा. पयली राजी असली तर ते बी म्हणंल."

मी उठले.  म्हणलं, "छबुत ऐब न्हाई. सोन्यासारखी बाई हाय. ऐब माझ्यात हाय."

सटवानं मान वर केली.

म्हणलं, "माझा स्वभाव म्हाईत हाय का तुमाला? मी सवतीला सुखानं घास खाऊ देणार न्हाई. तिच्या भाकरीत माती कालवीन, तिच्या झिंज्या उपटीन. तिला लेकरू झालं तर त्या लेकराला हात लावायची बी मला भरवशाची समजू नका. मी लई वाईट हाय. माझ्यासमोर कुणाचं चांगलं झालेलं मला बघवत न्हाई." आन् आत्याबाईंच्या हातातलं ताट वढून घेतलं आन् दिलं भिरकावून. नारळ घरंगळत पार पायऱ्यांपर्यंत गेला. खोटं कायला बोलू, ताट भिरकावताना बरं वाटलं. लई सालं राहिलेलं काम व्हतं.

सटवा उठला. "असल्या घरात लेक देण्यापेक्षा मी तिला जल्मभर पोसीन," म्हणला. "छबुत ऐब न्हाई, हे तुमीच बोललात. सगळ्यांनी ऐकलं." ऐकलंच सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी दिंद्रुडचे सोयरे सटवाच्या ओसरीत सुपारी फोडायले व्हते.

आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. मला केजला धाडायला निघाल्या, तर केशरबाईच म्हणली, "आता कुठं धाडता? हिच्या जागी दुसरी आणायची म्हणलं तर देतंय कोण? अशी पयली असल्यावर कुणी शेणाची बाहुली बी देणार न्हाई तुमच्या घरात." आत्याबाईंनी माझा हात सोडला. मी चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून हासले. छबु सुटली, मी बी सुटले. आता ह्या घरात सवत येत न्हाई. आता मालक मुस्तकिल झाले की झालं.

मालक मात्र त्या दिवसापासून माझ्याकडं येगळंच बघायला लागले. रजेचे थोडे दिवस ऱ्हायलेले, कोरे कागद घेऊन पुन्हा घरोघर. आत्याबाईंशी बसले, सटवाकडं गेले, केशरबाईकडं गेले. काय इचारतेत ते मला छबुनं सांगितलं. बारवेवर आली ती रडतच. "जानके, माफ कर मला. तुझ्या नवऱ्यानं माझ्या दारात येऊन इचारलं, जानकी कशी हाय? दिंद्रुडचे ओसरीत बसलेले. मी तुला चांगली म्हणले असते तर त्यांना वाटलं असतं, मंग ओट्यावर खोटं कोण बोललं, आन् कावून? मी म्हणले, लई तापट हाय, लई जळकी हाय. माझी जीभ झडू दे."

मी हासले. तिचे डोळे पुसले. म्हणलं, "बरं केलंस. पक्कं झालं." मला वाटलं, आमचे मालक दिसायला भोळे पण आतून हुशार निघाले. मी रचलेलं खोटं घरोघर जाऊन पक्कं करायलेत, म्हंजे पुन्हा कुणी पाटाचं नाव काढू नये. माझ्यासाठीच करायलेत. जाताना गाडीत बसले तवा मी त्यांच्याकडं बघून डोळा बारीक केला. ते गोंधळून दुसरीकडं बघायला लागले. तवा बी मला वाटलं, लाजले.

दिवाळीला आले ते मुस्तकिल होऊनच.

दोन खोल्या, पुढं पडवी, दारात नळ. त्यांनी बैलगाडीतून उतरता उतरता सांगितलं आन् माझे डोळे भरून आले. माझं गाठोडं तयारच व्हतं. दोन लुगडी, माझ्या आईची कुंकवाची डबी, संपलं. त्यांना पाय धुवायला तांब्या दिला आन् म्हणलं, "कधी निघायचं?"

ते पाय धुतच ऱ्हायले. मंग म्हणले, "सवाल लई गाजला, जानके. बडे साहेब म्हणले, असा मसाला विलायतेच्या किताबात बी न्हाई. दरसाल हाच सवाल देयचा, असा हुकूम झाला."

"कुठला सवाल? छबुचे कागद तर तुमी फाडले."

"तुझा," ते म्हणले. "नाव न्हाई लिहिलं. एक बाई, लेकरू नसलेली, एवढंच लिहिलं. आन् पाच घरांची साक्ष. पण एका पोरानं वर्गात इचारलं, ही बाई खरी हाय का बनवलेली? माझ्या तोंडून निघून गेलं, खरी हाय, माझ्याच घरातली हाय."

मला आधी नीट कळंचना. म्हणलं, "मंग? पोरांनी काय लिहिलं?"

"सगळ्यांनी एकच लिहिलं. एकानं तर लई सुंदर लिहिलं. अशी बाई चार माणसांत ठेवू नये, ती आपल्या जागीच बरी, असं सगळ्या कारणांनिशी दाखवलं. त्याला पयला नंबर दिला."

"तुमी दिला?"

"मीच दिला. हक्काचा व्हता त्याचा."

आतून आत्याबाईंचं जातं थांबलं. त्या ऐकायल्या व्हत्या.

मी म्हणलं, "मला कधी नेता, ते सांगा."

"तिथं आजूबाजूला सगळे कॉलेजातलेच लोक हायेत, जानके. त्यांच्या बायका, लेकरं. सगळ्यांना म्हाईत झालंय. तुलाच तिथं अवघड जाईल. जरा दम धर. पोरं पास होऊन निघून जातील."

"सवाल तर दरसाल हाय म्हणलात."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आन् पाय पुसायला लागले. मला वाटलं, ह्या माणसाला कुणी तरी झोपेतून हलवून जागं केलं पायजे. त्यांच्यासमोर उकिडवी बसले. हळूच म्हणलं, "अवं, तुमी ओट्यावर व्हतात. तुमाला ऐब लावता येईना, राजी म्हणता येईना, तवा मी उठले. छबु सुटावी म्हणून बोलले. तुमच्यासाठी बोलले. हैदराबादेला यायचं म्हणून बोलले. एवढं तरी म्हाईत हाय ना तुमाला?"

त्यांनी माझ्याकडं लई मायेनं बघितलं. तेच मला अजून सहन व्हत न्हाई, ती माया खरी व्हती. म्हणले, "माणूस रागाच्या भरात करून बसतो, आन् मागून त्याला चांगलं कारण जोडतो. सगळेच जोडतेत. शास्त्रात हाय ते. त्यात तुझा दोष न्हाई."

"मंग छबुला इचारा!"

"इचारलंय की. पाचवी साक्ष तिचीच हाय."

छबु तवा दिंद्रुडला नांदत व्हती. ती बारकी पोरगी तिला आई म्हणायला लागलेली. तिनं आता खरं सांगितलं तर तिचं घर हालणार. आत्याबाईंना खरं कळून बी नको व्हतं. सटवाला खरं म्हाईतच न्हवतं. राहिले मालक, आन् ते तर समोर बसलेले.

माझ्या डोक्यात अशी आग उठली म्हणता. तांब्या हातात व्हता. तो त्यांच्या त्या मायेच्या तोंडावर फेकून मारावा, बोंब ठोकावी, सगळ्या गावाला गोळा करून ओरडून सांगावं की मी अशी न्हाई. आन् तेवढ्यात मला दिसलं. तांब्या मारला तर मी तशीच हाय. ओरडले तर मी तशीच हाय. रडले तर त्याचं बी काई तरी शास्त्र असंलच. ते तर पाटावर बसून, मान जराशी तिरपी करून, माझ्याकडंच बघायलेले. वाट बघायलेले.

मी तांब्या खाली ठेवला. पदर सावरला. म्हणलं, "वाढू का जेवायला?"

त्यांना लई बरं वाटलं. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ," म्हणले, "मनावर घेतलं तर जमतंय तुला."